चाकाखालचा दगड

आमच्या गावात गाडी आली की आधी तिच्यासाठी दगड शोधतात. नारळ, हार, लिंबू-मिरची सगळं नंतर. गाव डोंगराच्या उतरणीवर बसलेलं. सपाट जागा म्हणाल तर शाळेपुढचं पटांगण आणि देवळाचा कट्टा, बाकी जिकडं पाय टाकाल तिकडं चढ नाहीतर उतार. त्यामुळे दारात जीप असो, ट्रॅक्टर असो की कुणाच्या जावयाची नवी कोरी मोटार असो, मागच्या चाकाखाली दगड हा लागतोच. गाडी निघून गेली तरी दगड रस्त्यात तसाच पडून राहतो, त्यावर शेजाऱ्याची मोटारसायकल आदळते आणि मग दोन घरांत बोलणं बंद. गाडीत हँडब्रेक नावाची वस्तू असते हे सगळ्यांना माहीत आहे. ओढत कुणी नाही.

मी मूळची शिराळ्याची, म्हणजे सांगली जिल्ह्यातली. लग्न होऊन रहिमतपूरच्या बाजूच्या या गावात आले. नवरा फौजेत, वर्षातून एकदा सुट्टीला येणार. घरी सासू-सासरे, थोडा ऊस आणि गोठा. माझ्या पायाला लहानपणापासून भिंगरी. आई म्हणायची, ही कुठं दिली तरी उंबऱ्याच्या आत मावायची नाही. सासरी पहिली वर्षं मी मनापासून मावून बघितलं. धारा काढल्या, शेण काढलं, उसात भांगलण केली. पण दुपार झाली की जीव घुसमटायचा. खालच्या रस्त्यानं एसटी गेली की हातातलं खुरपं थांबायचं. सासूबाई विचारायच्या, "एसटीत काय तुजा भाऊ बसलाय व्हय?" भाऊ कसला बसतोय. मलाच बसायचं होतं, आणि खरं सांगायचं तर मागच्या सीटवर नाही, पुढच्या.

व्हॅन सांगलीहून आली. नवरा सुट्टीवर आला असताना कुणाच्या तरी ओळखीनं मिळाली, बऱ्याच हातांतून फिरलेली. वस्तीवरची पोरं रहिमतपूरच्या शाळेत न्यायची-आणायची, असं आम्ही दोघांनी ठरवलं. शाळेच्या वेळेला एसटी नाही, आणि पोरांना डोंगर उतरून जायला तास मोडायचा. गाडी चालवायला मला नवऱ्यानंच शिकवलं, फौजी पद्धतीनं, म्हणजे आरडाओरडा करून. मीही गप्प बसणारी नव्हे. गाव बांधावर बसून बघायचं आणि आमची भांडणं ऐकायचं. पण लायसन निघालं, परवाना निघाला, गाडीवर पिवळा पट्टा आला.

सासऱ्यांना मी मामंजी म्हणते. व्हॅनच्या पाटीवर सांगलीचा नंबर बघून मामंजी म्हणाले, "सून सांगलीची, गाडीबी सांगलीची. दोनीबी आवाज लय करत्यात." पुढं वर्षभर हा विनोद त्यांनी येईल त्या पाहुण्याला ऐकवला आणि पाहुणाही दर वेळी हसला. मी हसले नाही. पण पहिल्या दिवशी पोरांना शाळेत सोडून रिकामी गाडी घेऊन मी एकटी परत येत होते, खिडकीतून वारा येत होता, कुणी काही विचारत नव्हतं, तेव्हा इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझा जीव जागेवर आला. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं वाटलं नाही, इतकं ते माझं होतं.

गाडी दारात आली त्या दिवशी नारळ फुटायच्या आधी मामंजी परड्यात गेले आणि त्यांचा दगड घेऊन आले. काळा, पाचरीसारखा, एका अंगानं झिजून गुळगुळीत झालेला. हा दगड त्यांच्या बैलगाडीचा. कारखान्याला ऊस घालायचे तेव्हापासूनचा. बैल गेले, गाडीची चाकं कुणी हॉटेलवाला शोभेला घेऊन गेला, पण दगड राहिला. दसऱ्याला खुरपी, कुदळ, विळा मांडून पूजा व्हायची, त्यांच्या ओळीत हा दगडही असायचा, हळद-कुंकू लावून. तो त्यांनी माझ्या सीटखाली ठेवला आणि म्हणाले, "आता हलायची न्हाई."

त्यांचा हँडब्रेकवर राग होता, आणि त्याला कारण होतं. तरणेपणी एका लग्नात त्यांच्या मेव्हण्याची जीप मांडवाबाहेर चढावर उभी होती. मेव्हण्यानं हँडब्रेकची दांडी ओढली आणि जेवायला बसला. मामंजी जीपच्या मागं पाण्याची घागर उचलत होते. जीप मागं आली. उजव्या पायाची तीन बोटं तिथंच चेंगरली, आणि ते पाऊल तेव्हापासून ते थोडं बाहेर टाकतात. त्या दिवसापासून कुठल्याही उभ्या गाडीच्या मागून ते जात नाहीत. रस्ता कितीही चिखलाचा असो, वळसा घालून पुढून जातील. आणि दांडीचा विषय निघाला की एकच वाक्य: "दांडी वडून गाडी थांबती व्हय? दगूड लावा, गप पडा."

मीही दगडच लावत होते. शाळेतली पोरं तर त्या दगडासाठी भांडायची. आज दगड लावायची पाळी कुणाची, यावरून रडारड व्हायची. गाडी थांबली की पाळीवालं पोर दगड छातीशी धरून खाली उडी मारायचं, आणि बाकीची खिडकीतून "लावला का, लावला का" ओरडायची. घाटात देव आला असता तरी एवढं लक्ष दिलं नसतं.

जुन्या गाडीला, आणि त्यातून शाळेच्या, दर वर्षी पासिंग लागतं. गाडी साताऱ्याला न्यायची, साहेबांपुढे उभी करायची, त्यांनी बघून ठीक आहे म्हटलं तर वर्षभर पोरं बसवायची. नाही म्हटलं तर नाही. या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा गाडी नेली तेव्हा मला कसलीच धास्ती नव्हती. धुऊन पुसून, अगरबत्ती लावून नेली. साहेब गाडीभोवती एक चक्कर मारायच्या आत नापासाची कारणं सांगत सुटले. दोन दिव्यांतला एक रस्ता बघत होता आणि दुसरा आंब्याचा शेंडा. काचेवरच्या वायपरचं रबर लोंबत होतं. मागचे टायर माझ्या पोळपाटाइतके गुळगुळीत. मागच्या चकाकणाऱ्या पट्ट्या शेणामातीनं निम्म्या खरवडलेल्या. शेवटी ते म्हणाले, "हँडब्रेक ओढा." मी ओढला. दांडी इतकी सहज वर आली की मलाच कसंतरी झालं. केबल गंजून कधीतरी तुटली होती, आणि दांडी कशालाच बांधलेली नव्हती.

"बाई, ही शोभेला ठेवली आहे का?" साहेब म्हणाले. मागं रांगेतले दोघं-तिघं हसले. माझे कान तापले. गाडी नापास.

घरी आल्यावर मामंजींनी सगळं ऐकून घेतलं. दिव्याचं, टायरचं, वायपरचं. हँडब्रेकचं ऐकल्यावर म्हणाले, "आणि दगडाचं काय इचारलं?" मी म्हटलं, दगडाचं कुणी विचारत नाही. मग जेवताना ताटाकडं बघत म्हणाले, "पुन्यांदा एकडाव ने. तरीबी नापास झाली तर इकून टाकायची. गोठा वाडवू. तुला घरात काम कमी हाय व्हय?"

नवऱ्याला फोन लावला. तो लांब कुठंतरी बर्फात, आवाज तुटत होता. म्हणाला, "आण्णा म्हणतील तसं कर." फौजेत जाऊन माणूस शत्रूला भीत नाही, बापाला भितो. मी फोन ठेवला आणि तशीच अंगणात फेऱ्या मारत राहिले. गोठ्यातली म्हैस मान वळवून माझ्याकडं बघत होती. मला वाटलं, हिला कळलंय की मी परत येणार.

गाडी विकायची म्हटल्यावर गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. दूध गोळा करणारा गावातलाच एक गडी दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ दारात यायला लागला. गिऱ्हाईक म्हणून नाही, सहज म्हणून. यायचा, मागचं दार उघडायचा, आत डोकं घालायचा. "सीटं काडली की क्यान लय मावतील, वैनी." मी धाडकन दार लावायची. एकदा त्याचं बोट जाता जाता राहिलं, आणि मला वाईट वाटलं नाही.

तिकडं शाळा उघडायची वेळ जवळ येत होती. रहिमतपुरातला एक व्हॅनवाला वस्तीवर येऊन आयाबापांना विचारून गेला होता. आयाबाप भले, मला म्हणाले, "आमी तुमच्यासाटी थांबलोय, पर शाळा सुरू व्हायच्या आत सांगा." म्हणजे दुसऱ्या वेळी गाडी पास झाली तर पोरं माझी, मी रस्त्यावर. नाही झाली तर गाडीत दुधाचे कॅन आणि मी गोठ्यात. मधलं काही नव्हतं.

मी गाडी रहिमतपूरच्या मेस्त्रीकडं टाकली. मेस्त्री गोड बोलायचा आणि काम उद्यावर टाकायचा. दिवा सरळ केला, वायपरला रबर घातलं, आणि हँडब्रेकचं नाव काढलं की हसायचा. "वैनी, सगळ्या तालुक्यात कुणाचा चालतोय? सायेब एकांद्या दिशी बगतोय, एकांद्या दिशी न्हाई. तितं गेल्यावर पायानं ब्रेक दाबून धरा आणि दांडी नुसती वडल्यागत करा. कुनाला कळतंय?"

टायरचं तर त्याच्याकडं उत्तर तयारच होतं. पासिंगचे टायर म्हणून एक वेगळीच जात असते, हे मला तेव्हा समजलं. चांगले टायर कुणाकडून तरी एका दिवसापुरते आणायचे, घालून गाडी दाखवायची, संध्याकाळी काढून परत द्यायचे. वर्षातून एक दिवस गाडी नवरीसारखी नटते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जुन्या टायरवर पोरं घेऊन डोंगर चढते. सगळे करतात, मेस्त्री म्हणाला. सगळे करतात हे खरंच होतं. पण माझं डोकं तापलेलं होतं. पावसात डोंगराच्या वळणावर साहेब नसतो, मेस्त्री नसतो. मी असते, आणि मागं पोरं एकमेकांच्या डब्यात हात घालत असतात. मी म्हटलं, "नवे घाला. आणि केबल येईस्तोवर मी हितनं हलत न्हाई."

आणि खरंच हलले नाही. म्हणजे बसले नाही, हलतच होते. गॅरेजपुढं ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या. मेस्त्रीनं एक पालथा डबा दिला बसायला. त्यावर टेकायची, उठायची, रस्त्यावर जाऊन साताऱ्याकडून पार्सल घेऊन येणारी एसटी दिसते का बघायची. रोज जाऊन हेच. शेवटी मेस्त्रीच वैतागला. म्हणाला, "वैनी, तुमी घरी जावा, मला काम सुचंना." पण केबल आली, मागच्या चाकांचे ब्रेक उघडून साफ झाले, दांडी ओढली की कर्रर्र आवाज करून ताठ उभी राहायला लागली. तो आवाज मला इतका आवडला की घरी येईपर्यंत प्रत्येक थांब्यावर मी उगाच ओढत आले.

मामंजींना दाखवायला मी दारातल्या चढावर गाडी उभी केली, दांडी ओढली, पाय सोडला. गाडी थांबली. मामंजी ओट्यावरून बघत होते. उठले, दगड आणून चाकाखाली लावला आणि परत जाऊन बसले.

पासिंगच्या दिवशी ते माझ्याबरोबर आले. नवऱ्यानं फोनवर सांगितलं होतं म्हणे, तिच्याबरोबर जावा. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, आणि पायात तो दगड. म्हणजे पुढच्या सीटवर बसून दोन पायांच्या मध्ये ठेवलेला.

"मामंजी, आज दगूड कशाला?"

"आसू दे."

साताऱ्यापर्यंत मी गाडीचा प्रत्येक आवाज ऐकत गेले. कधीच ऐकू न आलेले आवाज त्या दिवशी येत होते. मागचं दार खडखडत होतं, डॅशबोर्डखाली काहीतरी कुरकुरत होतं. मधेच थांबून मी उतरले, दिवे लावून बघितले, वायपर फिरवून बघितला, पुन्हा बसले. मामंजी खिडकीतून लोकांचा ऊस बघत होते. ते म्हणाले, "तुला बगून गाडीलाबी हुडहुडी भरंल."

पासिंगच्या मैदानावर रांग होती आणि सावली नव्हती. मी एका जागी उभी राहूच शकत नव्हते, म्हणून रांगेतल्या गाड्या बघत फिरले. नापास व्हायला मोठी कारणं लागतच नाहीत. एका जीपला पुढं लोखंडी गार्ड लावलेलं, ते काढून आण म्हणून परत पाठवली. एका टेम्पोच्या नंबरावर लिंबू-मिरची आणि काळी बाहुली अशी लोंबत होती की निम्मा नंबर देवाच्या हवाली. मालक म्हणत होता, नजर लागती सायेब. साहेब म्हणाले, मला नंबर दिसू दे, मग नजर लागू दे. एकाचा आग विझवायचा लाल डबा आतून रिकामा. एकाचा हॉर्न असा की कबुतरं उडाली, आणि त्याच्या मागच्या रिक्षाचा वाजलाच नाही. एका गाडीचे दोन टायर चकचकीत होते पण चाकाला धड बसले नव्हते, बघताक्षणी उसने कळत होते. प्रत्येक गाडी परत फिरली की मी आमच्या गाडीशी जाऊन तीच वस्तू पुन्हा तपासायची. मामंजी मात्र सगळ्यांशी बोलून आले होते. कुठलं गाव, ऊस किती, पाऊस झाला का. टेम्पोवाल्याला तर लिंबू कुठं बांधायचं तेही सांगून आले.

आमचा नंबर आला. साहेब तेच होते. मला ओळखलं की नाही कोण जाणे. दिवे बघितले. वायपर बघितला. टायरवर हात फिरवला आणि विचारलं, "आपलेच ना?" मी म्हटलं, "माजेच." हॉर्न, सिग्नल, औषधाची पेटी, लाल डबा. एकेक गोष्ट होत होती आणि माझा श्वास एकेक वीत मोकळा होत होता. मग त्यांनी मैदानाच्या कडेला रस्त्याकडं जाणारा चढ दाखवला. "तिथं घ्या. मध्यावर थांबा."

मी गाडी चढावर घेतली. मध्यावर ब्रेक दाबून थांबवली. दांडीला हात घालते न घालते तोच शेजारचं दार उघडलं. मामंजी खाली. हातात दगड. बाहेर पडणाऱ्या पावलानं लगालगा मागं गेले आणि सवयीप्रमाणे मागच्या चाकाखाली दगड सारून, हात झाडून उभे राहिले.

मैदानातली माणसं हसायला लागली. साहेब हसले नाहीत.

"आजोबा, हे काय?"

"दगूड."

"तो कशाला?"

"गाडी मागं यील न्हवं."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "म्हणजे हँडब्रेक अजून तसाच? मागल्या वेळी सांगितलं होतं तुम्हाला."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. इतके दिवस मेस्त्रीच्या दारात पाय झिजवले, तो दूधवाला दारात सहन केला, आणि सगळ्यावर आमच्याच घरच्या दगडानं पाणी ओतलं. मी खिडकीतून ओरडले, "सायेब, ब्रेक चालतोय. त्येंचं ऐकू नका. त्येंची ती सवय हाय. आमच्या गावात समद्यांचीच सवय हाय." मग मामंजींना, "आवं मामंजी, काडा तो दगूड. काडा म्हणते ना." सासऱ्यावर भर मैदानात ओरडणारी सून मी पहिलीच असेन.

मामंजी माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्या तोंडावर मी कधी बघितलं नव्हतं असं काहीतरी आलं. आपल्या हातून काय झालं ते त्यांना उमगलं होतं. ते वाकले आणि दगड काढला.

"ओढा," साहेब माझ्या खिडकीशी येऊन म्हणाले. त्यांचं लक्ष माझ्या पायाकडं. बहुतेक सगळे तिथं पायानं फसवतात, हे त्यांना पाठ असणार. मी दांडी ओढली. कर्रर्र. ताठ.

"आता ब्रेकवरचा पाय काढा."

मी आतल्या आरशात बघितलं. मामंजी गाडीच्या मागं उभे होते. बाजूला नाही, मागं. दगड काखेत धरून, बरोबर गाडी जिथून खाली येईल तिथं. उभ्या गाडीच्या मागून कधी न जाणारा माणूस.

माझा पाय ब्रेकवर दगडासारखा बसला.

"काढा ना बाई पाय."

"मागं माणूस हाय," मी म्हटलं.

साहेबांनी वाकून बघितलं. "ओ आजोबा, बाजूला व्हा. व्हा बाजूला." मामंजी हलले नाहीत. साहेबांनी पुन्हा हाक मारली. मामंजी साहेबांकडं बघतही नव्हते. आरशात माझ्याकडं बघत होते.

"मामंजी, बाजूला व्हा की," मी म्हटलं.

"तू वडलीस न्हवं दांडी?" त्यांनी मागून विचारलं.

"वडली."

"नीट वडलीस?"

"व्हय."

"मग सोड की पाय."

साहेब त्यांना बाजूला करायला मागं निघाले. ते पोचले असते तर त्यांनी मामंजींना हाताला धरून बाजूला घेतलं असतं, आणि ते बरोबरच झालं असतं. मला ते कळत होतं. तरी मी पाय काढला. का काढला ते मला आजही नीट सांगता येत नाही. केबल नवी होती, दारात, गॅरेजपुढं, शंभर वेळा बघितलं होतं, हे सगळं खरं. पण त्या क्षणी मी केबलचा विचार केला नाही. मला एवढंच वाटलं की आता पाय काढला नाही तर मी म्हटलेलं "व्हय" खोटं ठरेल, आणि ते त्यांना दिसेल.

गाडी किंचित बसली, मागं बोटभर कलल्यासारखी झाली, आणि थांबली. मामंजींनी मागच्या दारावर दोनदा थाप मारली. बैलाच्या पाठीवर मारायचे तशी.

साहेब आम्हा दोघांवर भयंकर चिडले. असं कुणी मागं उभं राहतं का, काही झालं असतं तर जबाबदार कोण, वय झालं तरी अक्कल नाही, आणि बाई तुम्हाला तरी कळायला नको का. सगळं खरं होतं, आम्ही खाली मान घालून ऐकलं. मग ते मामंजींना लांब उभं करून पुन्हा एकदा बघतो म्हणाले. पुन्हा दांडी, पुन्हा पाय. गाडी जागची हलली नाही. "ठीक आहे," ते म्हणाले. "पास."

परत येताना मी गप्प बसले नाही. गाव येईपर्यंत मामंजींना बोलत आले. एकदा पाय गेला तेवढं पुरे नव्हतं का, काही झालं असतं तर सासूबाईंना मी काय तोंड दाखवलं असतं, तुमच्या लेकाला काय सांगितलं असतं. मला राग आला होता आणि मधेच रडूही येत होतं. आणि रस्त्यातल्या म्हशी, सायकली आणि एसट्या चुकवत मी दोन्ही एकदम करत होते. मामंजी खिडकीबाहेर बघत होते. कोरेगावच्या पुढं कुठंतरी एवढंच म्हणाले, "गाडी बगून चालीव."

दारात दूधवाला बसला होता, ओट्यावर, चहाची बशी हातात. आम्ही काय निकाल घेऊन येतो त्याचीच वाट बघत असणार. मी चढावर गाडी थांबवली, पाय ब्रेकवर ठेवून शेजारी बघितलं. मामंजी उतरतील, दगड लावतील, मग मी उतरेन. रोजचं तेच. ते उतरले नाहीत.

"मामंजी, दगूड?"

"ऱ्हायला तितंच."

"मैदानात?"

"त्या टेंपोवाल्याला दिला. उताराला उबा हुता, बिचारा." आणि माझ्या हाताकडं बघत म्हणाले, "वड की दांडी. बसून ऱ्हायलीस."

मी दांडी ओढली. कर्रर्र. आवाज पूर्ण होईपर्यंत ते थांबले, मग उतरले. दूधवाला उठून पुढं आला होता, त्यानं विचारलं, "काय झालं आण्णा? क्यान बसवायचं का मग?"

मामंजी गाडीच्या मागून गेले, पुढून नाही. मागच्या दाराला पाठ टेकवली, खाली सगळा उतार, वर सगळी गाडी, आणि चंची काढून तंबाखू मळायला लागले.

"सुनंला इचार," ते म्हणाले. "गाडी तिची हाय."

मी अजून आतच होते. इंजिन बंद केलेलं, दांडी ओढलेली, तरी पाय ब्रेकवर होता. आरशात मामंजींची टोपी दिसत होती. मी पाय काढला आणि खाली उतरले.